उणे वीस अंश

फ्रीझरचं दार उघडलं की आधी धूर येतो,
मग नावं.
नावं नव्हेत, आकडे:
भवानी पेठ, ब्याऐंशी, शाळा क्रमांक चार,
मुलगी, वय नऊ.
ती मी.

हे लॅबमध्ये कुणाला सांगितलेलं नाही.
इथं माणूस नमुन्याला ओळख दाखवत नाही.

त्या दिवशी शाळेत गाडी आली होती.
दंडाला रबर बांधून रक्त घेतलं,
हातावर ग्लुकोजची दोन बिस्किटं.
शेखबाई म्हणाल्या, रडली नाहीस, शाबास.
चाळीस घरांत एक नळ, नळाला खड्डा,
खड्ड्यात उतरून आम्ही कळशी भरायचो,
आणि गटाराचा पाइप तिथूनच गेलेला,
सख्ख्या शेजारणीसारखा.

पुढं पंधरा-सोळा वर्षांनी
तीच कुपी माझ्या हातात आली.
प्लेटच्या खाचेत थेंब टाकला, थांबले.
खाच पिवळी झाली.
म्हणजे कधीतरी मला कावीळ होऊन गेलेली.
आईला विचारलं. तिला आठवेना.
"दोन दिवस जेवली नसशील,
ऊन लागलं म्हटलं असेल मी."
त्या रांगेतल्या सगळ्याच खाचा पिवळ्या.
अख्ख्या वर्गाला येऊन गेलेली,
पाटीवरचं ओल्या फडक्यानं पुसावं तशी,
आणि जाताना जन्माची राखण ठेवून गेलेली.

मग पेटीमागून पेटी.
ब्याण्णवच्या पेठा पिवळ्या,
कोथरूडमध्ये अधूनमधून एखादी पांढरी.
दोन हजार बाराचं बाणेर:
प्लेट जवळजवळ कोरी.
मशीन बिघडलं म्हणून मी पुन्हा लावली.
मशीन ठीक होतं.

साहेबांनी आलेख दाखवला, उतरती रेघ.
पाणी सुधारलं, म्हणाले. टाळ्या पडल्या.
खरंच सुधारलं होतं. मीही वाजवल्या.
कोऱ्या खाचेचा दुसरा अर्थ
त्यांनी शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरात लिहिला होता,
तोवर चहा आला.

केतकी दोन वर्षांची असताना
डॉक्टर म्हणाले होते, ही लस ऐच्छिक आहे.
दोन डोस. किंमत सांगितली.
मला माझी पिवळी खाच आठवली.
म्हटलं, होऊन जाईल, आम्हालाही झालीच की.
कार्डावरचा तो चौकोन रिकामा राहिला.
घरी आले आणि तिचं पाणी उकळायला ठेवलं,
वीस मिनिटं, रोज, न चुकता.

ती बावीसची झाली, ताथवड्याच्या हॉस्टेलवर गेली.
मार्चमध्ये मेसच्या एका टेबलावरची अकरा पोरं पिवळी पडली.
केतकीच्या डोळ्यांतलं पांढरं मी पाहिलं
आणि मला रिपोर्ट लागला नाही.

जाऊबाई म्हणाल्या, माळ घालून आण,
डोक्यावर ठेवतात, दिवसागणिक लांबत जाते,
पायांपर्यंत आली की कावीळ उतरली.
मला ठाऊक आहे ती का लांबते:
देठं सुकतात, गाठी सैलावतात.
तरी आणली.
सात आठवडे ती माळ
तिच्या कानांवरून, खांद्यांवरून, पोटावरून
खाली सरकताना पाहत बसले.
साहेबांची रेघ अगदी अशीच उतरली होती.

शालन लोंढे आमच्याकडं भांडी घासते.
पर्वतीच्या पायथ्याला तिच्या घरात आता स्वतःचा नळ आहे.
दोन तास येतं, पण चांगलं येतं, म्हणते.
लसीचं विचारलं तर सरकारी कार्ड आणून दाखवलं,
प्लास्टिकमध्ये जपलेलं, सगळे शिक्के जागच्या जागी.
"हा तुम्ही म्हणता तो रकानाच नाय, ताई."

केतकी बरी आहे. चहा पुन्हा सुरू केलाय.
तिची खाच आता पिवळी, माझ्याइतकीच.
मला दोन दिवस लागले होते,
तेही कुणाला आठवत नाहीत.

फ्रीझर बंद करते. दार जरा दाबावं लागतं.
शालनचा धाकटा नऊ वर्षांचा आहे.
दोन डोसांची आजची किंमत विचारून आलेय.
तिला अजून सांगितलेली नाही.